इटलीच्या राजासाठी प्रार्थना

एकोणीसशे छप्पनच्या उन्हाळ्यात दौंड स्टेशनात मिशनच्या नर्स प्रेमाबाई मनमाडच्या गाडीसाठी बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर शिरूरचा म्हातारा सत्यवान आणि पलटणीतली नोकरी संपवून नुकताच परतलेला हौसराव बोलत होते.

“मामा, इटलीच्या लढाईत तुमचा योसेफ माझ्या शेजारीच पडला. आमीच माती दिली त्याला.”

“पलटनीचा सायब म्हनला व्हता, तिथला राजा कबर सांभाळंल.”

“राजा न्हाई ऱ्हायला आता.”

“मेला?”

“लढाई संपल्याव लोकांनी मतं टाकून घालवला. आता आपल्या राष्ट्रपतीवानी अध्यक्ष असतोय तिथं.”

“का घालवला?”

“त्यानंच लढाईत लोटलं म्हनून. आदी तो आपल्या इरुद्धच व्हता. हरायला लागला तवा आपल्याकडं आला.”

“आन् माझं पोर त्याच्या मुलखासाठी गेलं?”

प्रेमाबाईंच्या हातातलं विणकाम थांबलं. सत्यवानच पुढे म्हणाला,

“योसेफच्या आईला आता दिसत न्हाई, हौसराव. रोज जेवायच्या आदी ती त्या राजासाठी प्रार्थना करती. प्रभू, त्याला औक्ष दे, माझं लेकरू त्याच्या पदरात हाय, म्हनती. मी आमेन म्हनतो.”

“मग सांगनार का तिला?”

“त्या अध्यक्षाचं नाव काय?”

“ठावं न्हाई, मामा. ठरल्याली वर्सं झाली की बदलतोय तो.”

“मग न्हाई सांगत. बदलनाऱ्या मानसाच्या पदरात ती लेकरू ठेवायची न्हाई.”