इंजनाले लावलेली तोटी

मी तेल्हाऱ्याची, ताई. आमचे अब्बा गाद्या-रजया भरत, पिंजाऱ्याचं घर, तं साऱ्या घरात कापूसच कापूस, नाकात कापूस, डाळीत कापूस, आन मोठी झाल्यावर मले देलं कुठं तं पिठाच्या घरात. अम्मी हासे, म्हने बेटी, तू काही पांढऱ्यातून सुटत नाहीस. नाहीच सुटली. हे मूर्तिजापूरच्या अल्याडचं गाव, ही चक्की माह्या सासऱ्यानं टाकली, आन सलमाचे अब्बा म्हन्जे माहे मालक ते चालवत. सलमा माही पोरगी, आता परतवाड्याले देली हाये, सुखात हाये. मालक बोलाले कमी. लग्नानंतर किती दिवस तं मले वाटे या मानसाले मी आवडलीच नाही, मंग कळलं का ते साऱ्यायशीच तसे हायेत, मंग बरं वाटलं.

तुमी त्या सालाचं इचाराले आल्या, कास्तकारायनं जीव देला त्या सालाचं. आमाले शेती नाही, ताई, मले शेतीतलं काय कळते. मले दळनावरून कळे. आंधी बाया पायली-पायली ज्वारी आनत, मंग ते कमी कमी होत गेलं, टोपल्याच्या जागी डबा आला, आन मंग त्या सालात असं झालं का मोठं दळन आलं का समजाचं कोनाघरी तेरवी हाये. गव्हाची पोती उतरली का मी इचारतच नव्हती कोन गेलं. आंधी इचारे. मंग सोडून देलं. पोतं घ्याचं, तोंड खोलाचं, दळाचं, पीठ भरून द्याचं. रडनाऱ्या मानसाचंही पीठ, आपलंही पीठ, सारं एकच. लोक म्हनत जैतुनबीचं काळीज दगडाचं हाये. असन बाप्पा. चक्कीत दगडच लागते.

आन लाइन तं राहेच नाही. एक डाव बिजली गेली का दिवसभर पत्ता नाही. मोटर ठप्प. म्हनून डिझेलचं इंजन होतं आमचं, सासऱ्याच्या वक्ताचं, त्याच्यावर पट्टा चढवला का चक्की चाले. इंजन होतं म्हनून आजूबाजूच्या गावचे लोक आमच्याकडे येत, नाही तं कोन येते. ते बंद पडलं असतं तं आमी काय खाल्लं असतं, हे काही सांगाचं काम नाही.

मंग मालकाले लकवा झाला. सकाळी उठले तं उजवं अंग नाही. अकोल्याले नेलं, दवाखाना झाला, महिनाभर तिथंच, परत आनलं तं उजवा हात लटकलेला, पाय ओढत चालनं, आन बोलनं आंधीच कमी, ते अर्धं राह्यलं. चक्की मी घेतली. लोक आंधी हासले, बाई इंजन चालवून राह्यली म्हने. मीनं म्हटलं काहून, बाईनं चालवलं तं पीठ जाड येते का? इंजनाचं हँडल मले जमे, अंगाचं वजन टाकलं का फिरते ते. पट्टा जमला, दगडाले खाचा पाडून टाचनं जमलं. नाही जमलं ते एकच, ऑइल बदलनं.

आता तुमाले कसं सांगू. इंजनाच्या पोटात ऑइल असते, ते काही दिवसानं काळं पडते, पान्यावानी पातळ होते, ते काढून नवं टाकलं नाही तं इंजन आतून झिजते. आन काढाचं ते गरमच, इंजन थोडं चालवून, तवाच सारा गाळ निंगते. काढासाठी खाली, भिंतीकडच्या बाजूनं, एक नट. तो नट असा बसलेला का पाना लावा, जोर करा, हालत नाही. आन हालला का एकदम, गरम तेल सरळ हातावर. हा पाहा डाग. हाही त्याचाच.

तं मालक येत. घरून चक्कीपर्यंत पाय ओढत, मी आंधी बोरा टाकून ठेवे, त्याच्यावर बसत. मी पाना लावे, दोनी हातानं धरे, आन ते आपला डावा हात माह्या हातावर ठेवत आन म्हनत, हं. त्या हं वर दोघायनं जोर कराचा. नट सुटे. लग्नाले येवढे वर्षं झाले, चारचौघात त्यायनं कधी माहा हात धरला नव्हता. आता महिन्याले एकदा चक्कीत धरत, साऱ्या गावासमोर, आन कोनाले त्यात काही दिसत नसे. नट सुटला का ते भिंतीले टेकून बसत, घामानं ओले, आन काळं तेल डब्यात पडताना पाहात राहात. त्या दिवशी भाकरही एखादी जास्त खात. मी हे पाह्यलं होतं, ताई. पन पाह्यलं म्हन्जे समजलं असं नाही.

माहा भाऊ युसूफ अकोल्यात ट्रॅक्टरच्या गॅरेजवर हाये. तो ईदले आला, त्यानं माहा भाजलेला हात पाह्यला, आन पुढच्या खेपेले एक पितळेची तोटी घेऊन आला. म्हने आपा, नटाच्या जागी हे लाव. दांडी जराशी उचलाची आन फिरवाची, तेल आपोआप खाली, नळी लावली तं सरळ डब्यात. बंद केली का दांडी खाचीत बसते, कंपनानं उघडत नाही. पाना नको, जोर नको. त्यानंच बसवून देली. मालक तवा घरी झोपले होते. युसूफचं काय चुकलं? त्यानं बहिनीचा हात पाह्यला. देवासारखं काम केलं पोरानं.

मंग ऑइल बदलाचा दिवस आला. नेमकं त्याच दिवशी तेरवीचं दळन, शेजारच्या गावचं, गेलेल्याचा भाऊ पोत्यावर बसलेला, लाइन नाही. मी मालकाले सकाळीच सांगतलं होतं का आज ऑइल हाये. पन तो भाऊ म्हने चाची, सांजच्याले पंगत हाये. मी म्हटलं थांब, येवढं करून घेते. नळी लावली, दांडी उचलली, फिरवली. पाच मिनिटं लागले नसतील. पाह्यते तं मालक दारात. धुतलेला सदरा, डाव्या हाताची बाही दातानं वर केलेली. डब्यात काळं तेल भरलेलं.

म्हने, हो गया?

मी म्हटलं, हो गया.

तोटीकडे पाह्यलं. म्हने, अच्छी चीज है. आन मागं फिरले. मी नवं ऑइल टाकलं, हँडल मारलं, गहू टाकला. तुमी इचारान का वाईट वाटलं का? नाही वाटलं. पंगतीचं पीठ द्याचं होतं. वाईट वाटाले वेळ लागते, ताई, आन तवा मले कशाचंच काही वाटत नव्हतं.

त्यानंतर ते चक्कीत आले नाही. सदरा बदलनं सोडलं. मी म्हने चला बसाले, तं मान हालवत. जेवन कमी झालं. सलमा आली माहेरी तं म्हने अम्मी, अब्बायले झालं काय? तवा मले उजेड पडला. तवा मी मनात म्हटलं, जैतुन, तू हात वाचवला आन मानूस घालवला.

पुढच्या खेपेले मीनं तोटीतून तेल काढलं, तोटी खोलून पान्याच्या डब्यात टाकली, जुना नट लावला, आन त्याच्या पुढच्या महिन्याले त्यायले जाऊन सांगतलं, तोटी टपकून राह्यली होती, काढून टाकली, तुमाले या लागते. आले. बोऱ्यावर बसले. खाली इंजनाकडे पाह्यलं, जमिनीवर बोट फिरवलं. बोटाले कोरडं पीठ. तेलाचा थेंब नाही. मी पाना लावला, त्यायनं हात ठेवला, म्हने हं.

ताई, त्या हातात जोर नव्हता. नुसता ठेवलेला होता, ओल्या फडक्यावानी. मीनं एकटीनंच जीव लावून ओढलं, नट सुटला, मी म्हटलं पाहा, निंगाला तुमच्यानं.

त्यायनं हात काढून घेतला. म्हने, झूट मत बोल. तूने खोला. मंग म्हने, तोटी लगा दे. हाथ जलता है तेरा.

लावली. तेच सांगून राह्यले तं लावली. तवापासून तोटीच हाये. आता लाइन बरी असते, मोटर चालते, पन इंजन ठेवलं हाये, लाइनीचा काय भरोसा. ते घरी खाटेवर असतात, मी खाऊ घालते, खातात. इंजन सुरू झालं का भिंतीकडे तोंड करतात. ऑइल कोनत्या दिवशी बदलते ते मी आता सांगत नाही, ते इचारत नाही. सारे म्हनतात जैतुनबी, बरं झालं, तोटी लावली, बाईमानसाले सोपं झालं. मी म्हनते हो, लय सोपं झालं. खोटं कशाले बोलू, सोपंच झालं.

चाय थंडी झाली तुमची. घ्या. तुमाले काय दुवा देऊ, लेकरू आहा माह्यासाठी. अल्ला तुमचे हातपाय धड ठेवो, आन एखाद्या दिवशी नाही राह्यले धड, तरी कामासाठी तुमाले हाक मारनारं कोनी ठेवो.