भरभराटीचा पत्ता

...आणि वर मलाच विचारतात, ‘लि-चू ताई, तुम्ही इंटरनेटला काय केलंत?’ अहो, मी काय करणार? मी नळाच्या तोट्यांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या डकवणारी बाई, कुठलं खोकं कुठल्या बोटीवर चढायचं ते बघणारी बाई, माझा काय संबंध, सांगा बरं! झालं होतं एवढंच की मागे एकदा राउटर रुसला होता, तेव्हा मी त्याची वायर काढली आणि परत खोचली. बस्स. चालू झाला. तो दिवस आणि आजचा दिवस, इंटरनेट गेलं की सगळ्यांच्या माना वळतात त्या माझ्याकडे. जणू मीच ते पिशवीत घालून घरी नेलंय!

आमचं ऑफिस म्हणजे तरी काय, लुगांग गावात देवळामागच्या गल्लीत खाली नळाच्या तोट्यांचा कारखाना आणि वर पत्र्याखाली आम्ही. मालक यान साहेब, त्यांची बायको म्हणजे आमच्या मालकीणबाई, विक्री बघणारा पो-व्हेइ, मी, आणि एक प्रिंटर, जो कायम आजारी. आणि त्या दिवशी तीन वाजता डेन्मार्कचा येन्स साहेब व्हिडिओवर येऊन आमची नवी तोटी बघणार होता. आवडली तर वर्षभराचं काम आमचं, आणि आम्ही भेटलोच नाही तर समोरच्या गल्लीतला कारखाना टपलेलाच आहे. गेल्या हिवाळ्यात काम नव्हतं तेव्हा खालची निम्मी माणसं घरी बसवली होती, ते कुणी विसरलेलं नाही हो. सकाळपासून एकेक जण जिन्यात येऊन नुसता डोकावून जात होता, विचारत काही नव्हता. ते बघवत नव्हतं मला.

आणि जेवण उरकून बसतो न बसतो तोच... इंटरनेट गेलं! आलं. परत गेलं. पो-व्हेइचं आलं तर मालकांचं गेलं, मालकांचं आलं तर मालकीणबाईंचं गेलं. आणि सगळे बघतायत माझ्याकडे. माझा काय संबंध!

तुम्ही म्हणाल, मोबाईलवरून करायचं. अहो, वरती पत्रा! रेंज मिळते ती खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं तर. म्हणजे मी तोटी हातात धरून खिडकीत लोंबकळणार, आणि येन्स साहेबानं बघायचं काय, तोटी की मी पडतेय ते?

मालक आले, हात मागे बांधून राउटरसमोर उभे राहिले. राउटरवर आमच्याकडे खाऊचं हिरवं पाकीट ठेवलेलं असतं, यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून, सगळेच ठेवतात. मालकांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि असा काही सुस्कारा सोडला की मला वाटलं घरातलंच कुणी गेलं. ‘ताई, याची तारीख उलटून गेलीय.’ झालं! म्हणजे चूक माझी! उन्हात मी दुकानात. दुकानात हिरवं नाही, पिवळं. आता पिवळं ठेवलं की यंत्र आणखी बिघडतं हे काय मला कळत नाही? गेले पुढच्या दुकानात, आणलं हिरवं, ठेवलं, मालकांनी दोन्ही हात जोडले, आम्ही सगळ्यांनी जोडले... इंटरनेट एक मिनिटभर आलं, आणि गेलं. मालक माझ्याकडे बघून म्हणतात कसे, ‘तुम्ही मनापासून नाही ठेवलंत.’

मग लावला हेल्पलाइनला फोन. आधी गाणं. मग एक बाई, ‘आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे.’ मग परत तेच गाणं. इतका मोलाचा आहे तर उचला की! शेवटी एक झोपाळू आवाज आला, ‘बाई, राउटर बंद करून चालू केलात का?’ म्हटलं, बाबा, मी त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

तो म्हणाला, आता तुमच्या कॉम्प्युटरचा पत्ता वाचा. म्हणजे कसं, प्रत्येक कॉम्प्युटरला एक पत्ता असतो, नुसत्या आकड्यांचा, आणि राउटर त्या पत्त्यावर सामान पोचवतो, पोस्टमनसारखा. मी वाचला. शेवटी आलं एक-सहा-आठ. ‘बरं. शेजारच्याचा वाचा.’ पो-व्हेइ पडद्यावर हात ठेवून बसला. हात बाजूला केला तर काय... एक-सहा-आठ! मालकीणबाईंचा? एक-सहा-आठ. मालकांचा? विचारूच नका. शेवटी प्रिंटरचा कागद काढला. त्याचाही तोच! मग तो माणूस इतका हसला की त्याची झोपच उडाली. ‘बाई, तुमचं सगळं ऑफिस एकाच घरात राहायला गेलंय. पोस्टमननं सामान द्यायचं कुणाला?’

आता आमच्या बोलीत एक-सहा-आठ म्हटलं की ‘वाटभर भरभराट’ असं ऐकू येतं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. गाडीला हवा तो नंबर, फोनला हवा तो नंबर. मालकांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं की कॉम्प्युटरच्या पत्त्यातही मध्ये एक-सहा-आठ असतं आपलं आपण. झालं, हरखले! म्हणाले, मध्ये आहे तर शेवटीही असू दे, आणि राउटर आपोआप पत्ते वाटत होता ते बंद करून स्वतःला हवा तो घेऊन मोकळे झाले. कुणाला सांगितलं नाही. मालकीणबाईंनी ते मागून बघितलं, आणि नवऱ्याची भरभराट होणार आणि मी का मागे राहू, म्हणून त्यांनीही घेतला. पो-व्हेइनं गपचूप घेतला. ऑर्डरी छापतो म्हणून प्रिंटरला दिला. आणि मालकीणबाईंचा जीव माझ्यावर, म्हणून मी सुट्टीवर असताना मलाही देऊन टाकला, ‘ताईंचंही भलं होऊ दे.’ काय भलं! आणि पडद्यावर सूचना यायची बरं का, हा पत्ता दुसऱ्या कुणाकडे आहे म्हणून. सगळ्यांना आली होती. सगळ्यांनी गपकन मिटवली. प्रत्येकाला वाटलं, असू दे दुसऱ्याकडे, आपण कशाला सोडायचा?

एरवी एक चालू तर दुसरा बंद, म्हणून कसंबसं निभावत होतं. त्या दिवशी येन्स साहेबासाठी सगळे नटूनथटून एकदम बसले आणि बोंब झाली.

फोनवरचा माणूस म्हणाला, सोपं आहे, ज्यानं त्यानं आपापला आकडा बदला. सोपं! मालक म्हणाले, मी मालक, मी का बदलू? मालकीणबाई म्हणाल्या, हे बदलतील तर मी बदलीन. पो-व्हेइ म्हणतो, माझं यंदा लग्न ठरायचंय, मला आग्रह करू नका. प्रिंटर तेवढा गप्प. घड्याळ तिनाकडे सरकतंय, जिन्यात खालची माणसं आता डोकावून जातही नव्हती, उभीच होती, आणि हे तिघं भरभराट कवटाळून बसलेत! मला रडू यायचं बाकी होतं.

फोनवरचा माणूसही वैतागला. म्हणाला, ‘ताई, आत्ता एकच कॉम्प्युटर चालू करू. असा एक आकडा सांगा, जो तुमच्याकडे कुणीही घेतला नसेल. शंभर टक्के खात्रीचा.’

असा आकडा कुठला ते सगळ्यांना ठाऊक होतं, चार. आमच्यात चार म्हणायला आणि मरण म्हणायला तोंड सारखंच उघडतं. इस्पितळात त्या आकड्याचा मजला नसतो, तर ऑफिसात पत्ता कोण घेणार?

मालक हळूच म्हणाले, ‘ताई, नको. आजच्या दिवशी तो नको.’

मी जिन्याकडे बघितलं. म्हटलं, मालक, ही माणसं परत घरी बसली तर ते काय शुभ होणार आहे? आणि माझ्या पत्त्याच्या शेवटी दाबला चार. आणि तुम्हाला सांगते, इंटरनेट आलं ते असं आलं, असं आलं, की जणू त्या राउटरला जन्मात कुणी रिकामं घर दाखवलंच नव्हतं!

येन्स साहेब दिसला. आता बोलायचं कुणी? मालक माझ्या कॉम्प्युटरपासून चांगले हातभर लांब, भिंतीला पाठ लावून. पो-व्हेइ कीबोर्डला बोट लावेना. शेवटी मीच, माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, तोटी उघड, तोटी मीट, ही बघा चकाकी, ही बघा भिंतीला बसते ती वाटी. त्यानं विचारलं, गळत तर नाही ना? मनात म्हटलं, बाबा रे, गळून गेलेय ती मी, तोटी ठणठणीत आहे. आवडली हो त्याला! वर्षभराचं काम मिळालं. खालच्या माणसांनी जिन्यातूनच माझ्याकडे बघून मान लववली, आणि मला भरून आलं, ते काही मी लपवत नाही.

आता तुम्हाला वाटेल, संपलं. कुठलं! एक-सहा-आठ अजून कुणी सोडलेला नाही. ऑफिसात धड चालतो तो एकच कॉम्प्युटर, चार नंबरचा. म्हणून ग्राहकांचे व्हिडिओ माझ्याकडे, मालकांची पत्रं माझ्याकडे, मालकीणबाईंचा हिशेब माझ्याकडे, पो-व्हेइला दाखवलेल्या मुलींचे फोटोसुद्धा माझ्याकडेच उघडतात. माझा काय संबंध, विचारायचीही सोय राहिली नाही.

परवा मालक आले, हातभर लांबच उभे राहिले, आणि फार काळजीनं म्हणाले, ‘ताई, त्या आकड्यामुळे तुमच्या जिवाला काही... म्हणजे, तसं काही वाटत नाही ना?’

म्हटलं, नाही हो मालक. मरायलासुद्धा सवड नाही.