बाबांचं ‘वा!’

तुम्हाला सांगते, आमच्या टीव्हीला एचडीएमआय पोर्ट एकच. मॅच सेट-टॉप बॉक्सवर दिसते, मालिका स्टिकवर. अदलाबदल करायला टीव्हीमागे मीच शिरते.

परवा शेवटच्या ओव्हरला मी स्टिक काढून बॉक्स जोडला. चित्र येताच बाबा ओरडले, “वा! वा!”

तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ‘ये’. शेजारच्या तमिळ मामी दारात हजर. “मोठ्यांना ‘वा’ नाही, ‘वांग’ म्हणायचं, सार!” असं म्हणत त्या बसल्याही. आई म्हणाली, “मामींची मालिका लाव गं.” बाबांची ओव्हर गेली.

काल मॅच लागली, तेव्हा बाबांनी तोंडावर हातच ठेवला.

दारातून मामींनी हळूच विचारलं, “आज नाही बोलावलं?”

बाबांनी एकदा स्कोअरकडे पाहिलं. मग म्हणाले, “वांग, मामी.”

मी न सांगताच टीव्हीमागे शिरले.