झोपेतलं मरण

ज्या सकाळी बायको ल्युबिंका उठलीच नाही, त्या सकाळी शेजारणी रादोमिरला म्हणाल्या, "पुण्यवान बाई, झोपेत गेली." आज नीश शहरातल्या दवाखान्यात डॉक्टर वेगळंच बोलले. हृदयाच्या पेशींत सोडियम आत सोडणारी बारीक दारं असतात, ती तिच्यात जन्मापासूनच सदोष होती. मुलीलाही तपासून घ्या. तो बाहेर बाकावर येऊन बसला. शेजारी सासू-सुनेचं चाललं होतं.

"आई, तुमच्या मुलाला, मिओद्रागला ताप आला की पांघरुणं घालायची नाहीत. लगेच ताप उतरवायचा."

"घाम आल्याशिवाय ताप उतरतो का? आमच्यात अंगाला राकिया दारू चोळतात, लोकरी मोजे घालतात आणि निजवतात."

"तापात त्याची ती सोडियमची दारं नीट उघडत नाहीत. हृदय थांबतं."

"कसली दारं! तुझ्या माहेरच्या घराला तरी धड दार आहे का?"

"तुमचा भाऊ कसा गेला?"

"झोपेत. पुण्यवान होता."

"आणि तुमचे वडील?"

"तेही झोपेतच. आमच्या घराण्याला देवाचं देणंच आहे ते."

"ताप होता त्यांना?"

"होता थोडा."

"आणि भावाला?"

"त्यालाही."

"मग चला आत. तुमचाही कार्डिओग्राम काढायचाय."

"माझा कशाला? मला काय धाड भरलीय?"

"मिओद्रागला हे आलं कुठून, आई?"

"...पिशवी धर माझी."

दोघी आत गेल्या. रादोमिरची मुलगी सेंका बेलग्रेडला असते. ताप आहे, पांघरुणं घेऊन निजते, असं तिनं सकाळीच कळवलं होतं. त्यानं तिला अजून फोन केला नव्हता.