देव न मानणारा डॉक्टर

सुईत दोरा ओवता येईना, म्हणून शिंपी डोळ्यांच्या दवाखान्यात आला होता. आता ऑपरेशन निघतंय की काय, या धास्तीनं त्याचा जीव टांगणीला लागला होता. मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

“उद्या ऑपरेशन ना गं तुझं? डॉक्टर देव मानतो का, विचारलंस?”

“विचारलं. नाही म्हणाला.”

“अगंबाई! मग दुसरा बघ!”

“कशाला? देव मानणारा अर्धा भार वर टाकून मोकळा होतो. ह्याला सगळं स्वतःच करावं लागणार.”

“आणि तुझा जप?”

“तपासताना भीतीनं चालूच होता. तर म्हणाला, ‘आजी, उद्याही करा. जप करताना तुमचा डोळा जरासुद्धा हलत नाही.’”

शिंपी मागे वळला.

“आजी, इथला कोणता डॉक्टर, ते सांगा. आणि जपही.”