तळ्यातून वाचलेलं बाळ

मामांच्या कपाटातलं ते चिनीमातीचं बाळ तुम्ही बघता ना, ते एकदा तळ्यात जाता जाता राहिलंय.

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे भाऊ. ऑस्ट्रेलियात साठ-सत्तर वर्षांपूर्वी बनलेल्या चिनीमातीच्या बाहुल्या जमवतात. दिवसभर ते गोव्यात कामाला, म्हणून पार्सल आमच्याकडे येतं. त्या दिवशी मुलीच्या हट्टापायी मी ते उघडलं. आत पानावर बसलेलं उघडं बाळ, आणि त्याच्या पायाचं एक बोट तुटलेलं.

सासूबाई म्हणाल्या, "अगो, ह्यो बाळकृष्ण. भंगलेलो देव घरात ठेवूचो नाय, चेडू ल्हान आसा."

मुलीचं नाव निघाल्यावर मला दुसरं काही सुचेना. बाळ देवळामागच्या पिंपळाखाली ठेवून आले. घरी पोचते तर मामांचा फोन, "संध्याकाळी घेवक येतंय. लय वर्सां शोधी होतंय."

धावत गेले, तर पिंपळाखाली काहीच नाही. रडकुंडीला येऊन गुरवकाकांना विचारलं. त्यांनी देवळाच्या खिडकीतून बाळ काढून हातात दिलं.

"तळ्यात सोडूक उचललंय, तर खाली ऑस्ट्रेलिया लिवलेला. म्हटलंय, इतक्या लांबसून इलो, तेका बुडवूचो कसो?"

माझा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी मामांना सगळं सांगून टाकलं. "मामानू, पण बोट आमच्या चेडवान मोडूक नाय."

मामा हसले. "माका ठावूक आसा गो. मोडका म्हणानच परवडला."

सासूबाई चहा गाळत म्हणाल्या, "पुढच्या खेपेक थोडे पैशे जास्ती घाल रे, पण देव धड आण."