चाळीस नंबरचा कारखाना

शेफील्डच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक वयस्कर जोडपं बसलं होतं.

"हेटी, एनॉक ड्रॅबलनं वाफेची करवत बनवली तो हरवलेला कारखाना शेवटी मीच शोधला. चाळीस नंबर! आज दुपारी भिंतीवर त्याच्या नावाची पाटी लागणार."

"चुकीच्या भिंतीवर, विल्फ."

"अगं, चाळीस म्हणजे सम. रस्त्याचे सम नंबर डाव्या बाजूला!"

"ते आत्ताचं. त्याच्या काळी नंबर रस्त्याच्या एका बाजूनं ओळीनं शेवटपर्यंत जायचे आणि दुसऱ्या बाजूनं परत यायचे. तेव्हाचा चाळीस समोर येतो, न्हाव्याच्या दुकानात."

"आपल्या न्हाव्याच्या? जन्मभर मी तिथंच केस कापून घेतोय!"

"आणि दर वेळी त्या बिचाऱ्याला ड्रॅबल ऐकवतोयस."

"आता गावासमोर माझं नाक कापलं जाणार."

"पाटी लागायच्या आत पोचलो तर नाही. बेल दाब. तसेही केस वाढलेत तुझे."